अकरावीच्या आधी या, नाहीतर बारावी करूनच या

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. यजमानांची बदली पुण्याहून न्यू जर्सीला, एल-१ वर (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा). लेकीने सीबीएसईची दहावी नुकतीच दिलीय. कंपनी म्हणते, या जुलैत या किंवा पुढच्या. तुमचा विचार असा की तिची अकरावी पुण्यातच होऊ द्यावी आणि बारावीला इकडे आणून ‘मग कॉलेजचं बघावं’. कॉलेज प्रवेशासाठी चांगला कन्सल्टंट कोण, हेही विचारलंय. आठ वर्षांपूर्वी मुलाला घेऊन न्यू जर्सीतल्याच एडिसनला आले तेव्हा मीही अगदी हाच हिशेब केला होता आणि तो साफ चुकला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या डोक्यात बारावी म्हणजे परीक्षेचं वर्ष. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, मग जेईई-सीईटी, मग कॅप राउंड. जे काही घडायचं ते शेवटच्या काही महिन्यांत. इथली बारावी हे अर्ज भरायचं वर्ष असतं. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते आणि बऱ्याच कॉलेजांची पहिली मुदत १ नोव्हेंबरला संपते. त्या अर्जावर मार्क असतात ते नववी, दहावी, अकरावीचे. सोबत शाळेच्या काउन्सेलरचं (विषय निवडायला आणि कॉलेजच्या अर्जाला मदत करणाऱ्या सल्लागाराचं) पत्र आणि बहुतेक ठिकाणी एक-दोन शिक्षकांची शिफारसपत्रं, तीही शक्यतो अकरावीला शिकवलेल्या शिक्षकांची. बारावीत उतरलेल्या मुलीला त्या शाळेत कोण ओळखणार?

आमचा चिरंजीव ऑगस्टमध्ये आला आणि थेट बारावीत बसला. पहिला महिना तर लॉकर उघडण्यातच गेला. इथे किल्ली नसते, तीन आकड्यांचं चाक डावीकडे-उजवीकडे फिरवायचं असतं. ते त्याला जमेना आणि विचारायची लाज वाटे, म्हणून सगळी पुस्तकं पाठीवर घेऊन हिंडायचा. फिजिक्सच्या सरांनी पाच आठवड्यांच्या ओळखीवर पत्र दिलं. त्यात काय लिहिलं असेल देव जाणे, कारण ती पत्रं वाचायचा हक्क मुलं सहसा अर्ज करतानाच सोडून देतात. सर भले होते. पण पाच आठवड्यांत माणूस लिहिणार तरी काय?

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: याच जुलैत या. यजमानांना उशीर होणार असेल, तर कंपनीशी बोलून निदान सगळ्यांची तारीख अलीकडे आणता येते का बघा. ते अगदीच जमत नसेल, तर मुलीला आजी-आजोबांकडे ठेवून बारावी तिथेच पूर्ण करू द्या. तिथून अर्ज करणं सरळ असतं, शाळा तिला लहानपणापासून ओळखते. मधला रस्ता, म्हणजे अकरावी करून बारावीला येणं, सगळ्यात वाईट.

आता याच जुलैत येणार असं धरून चालते. सगळ्यात आधी कागद. शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची मार्कशीट तुम्ही आणालच, पण इथे नववीचेही मार्क लागतात, आणि आपण नववीचं प्रगतिपुस्तक माळ्यावर टाकून मोकळे झालेलो असतो. नववी-दहावीचे विषयवार मार्क शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, दोन-तीन बंद पाकिटांत घ्या. मुलाच्या भारतातल्या शाळेच्या कार्यालयात ‘ट्रान्सक्रिप्ट’ (म्हणजे हीच मार्कांची नोंद) हा शब्द ऐकून क्लार्कने माझ्या भावालाच विचारलं, म्हणजे काय हो? त्याचे तीन हेलपाटे झाले. तुम्ही तिथे आहात तोवरच हे उरका. लसीकरणाची नोंदही डॉक्टरांकडून लिहून घ्या, त्यावाचून शाळा वर्गात बसू देत नाही. शाळा पत्त्यावरून मिळते, त्यामुळे घर भाड्याने घेण्याआधी ते कोणत्या हायस्कूलच्या हद्दीत येतं ते विचारा.

मग गणित. इथे एकाच इयत्तेतली मुलं वेगवेगळ्या गणितात बसतात. आपली दहावी झालेल्या मुलीला काउन्सेलर सवयीने अल्जिब्रा-२ मध्ये, म्हणजे प्रीकॅल्क्युलसच्या एक पायरी खाली, टाकू शकतात. तिचं गणित पक्कं असेल तर प्लेसमेंट टेस्ट मागा. अकरावीत प्रीकॅल्क्युलस झालं तरच बारावीत एपी (कॉलेजच्या पातळीचं) कॅल्क्युलस घेता येतं, आणि इंजिनिअरिंगला जायचं असेल तर तो विषय अर्जावर दिसायला हवा. शिवाय न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं लागतो, त्यामुळे एखाद्या तासाला तिला दहावीच्या मुलांबरोबर बसावं लागेल. आणि हो, पीटी दर वर्षी सक्तीची. आपल्याकडे पीटीच्या तासाला गणिताचे सर यायचे, तसं इथे चालत नाही.

अर्जात एक उपक्रमांची यादी असते. बहुतेक कॉलेजं ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचा एकच सामाईक अर्ज घेतात. त्यात जास्तीत जास्त दहा उपक्रम मांडता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. शब्द नव्हे, अक्षरं. मोजायचं ते नववीपासूनचं. म्हणजे पाचवी-आठवीची स्कॉलरशिप कितीही मिरवलेली असली तरी उपयोगाची नाही; नववीत होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेत काही मिळालं असेल तर ते चालेल. गांधर्वच्या परीक्षा दिल्या असतील तर सर्टिफिकेटं आणा, पण ‘मध्यमा पूर्ण’ हे इथल्या अर्ज वाचणाऱ्याला कळत नाही. किती वर्षं शिकली, आठवड्याला किती तास, हे लिहावं लागतं. इथे आल्या आल्या चार क्लब धरायची घाई मात्र करू नका. एक धरला आणि टिकवला तर पुरे.

निबंध ६५० शब्दांचा असतो. इथेच आम्ही कन्सल्टंटच्या नादी लागलो. माणूस आपलाच होता, फी डॉलरमध्ये होती आणि मजकूर छापाचा. मातृभूमी, विमान, संघर्ष, यश. मलाही तो वाचून भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. मुलगा म्हणाला, आई, हा मी नाहीच. शेवटच्या चार दिवसांत त्याने लॉकरवर लिहिलं आणि तेच पाठवलं. तर तुमच्या कन्सल्टंटच्या प्रश्नाला माझं उत्तर: आधी शाळेच्या काउन्सेलरकडे जा, तो फुकट आहे. एकेकाकडे शेकडो मुलं असतात, त्यामुळे तुमची मुलगी त्याला आपण होऊन आठवणार नाही. तिला अधूनमधून जाऊन भेटावं लागेल. शिक्षकांना पत्रासाठी विचारायचं ते मे-जूनमध्ये, अकरावी संपता संपता. ‘मॅडमना उगीच त्रास कशाला’ ही आपली शिकवण इथे नडते.

एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची इंग्रजी-गणिताची परीक्षा) अकरावीच्या वसंतात एकदा देऊ द्या, गरज वाटली तर ऑगस्टमध्ये पुन्हा. काही कॉलेजांना ती लागते (एमआयटीने २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली), काहींना ऐच्छिक आहे आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची कॉलेजं ती बघतच नाहीत. आपल्या मुलांचं गणित निघतं, वाचन अडतं. आत्तापासून रोज इंग्रजीतलं काहीतरी जाडजूड वाचू द्या.

पैशाचा भाग जरा कडू आहे. मुलगी एल-२ वर (एल-१ वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल. तिला अमेरिकेच्या केंद्र सरकारची फीसाठीची मदत मिळत नाही, ती नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना. एल-२ वरच्या मुलांना नोकरी करता येत नाही, कॉलेजच्या लायब्ररीतही नाही. त्यामुळे राज्यातल्या रहिवाशांची फी हाच मोठा आधार. रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठात बाहेरच्यांना साधारण दुप्पट फी पडते. रहिवासी ठरायला न्यू जर्सीत निदान १२ महिने राहिलेलं असावं लागतं, आणि तुमच्या व्हिसावर ती सवलत धरतात का, हे त्या त्या कॉलेजला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. याच जुलैत येण्याला हेही एक कारण आहे. ‘अर्ली डिसिजन’ नावाची फेरी बांधील असते, मिळालं तर तिथेच जायचं. फीचा आकडा घरात बसत असल्याखेरीज तिच्या वाटेला जाऊ नका.

आणि २१ वर्षं पूर्ण झाली की एल-२ संपतो. आमच्या मुलाचा एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) होता, नियम तोच. एकविसाव्या वाढदिवसाआधी केकच्या दुकानाऐवजी वकिलाकडे जाऊन एफ-१ चा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, अर्ज भरला. तेव्हा फीचा वर्ग बदलू शकतो, म्हणून ती तारीख आजच भिंतीवर लिहून ठेवा.

चिरंजीवांचं काय झालं, तर पहिल्या वर्षी मनासारखं कुठेच मिळालं नाही. तो काउंटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) गेला. गणपतीला मंडळात ‘कुठे लागला?’ विचारलं की मी प्रसादाच्या रांगेत पुढे सरकायचे. दोन वर्षांनी तिथले क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचा हिशेब) घेऊन रटगर्सला गेला. फी कितीतरी कमी लागली आणि पदवी तीच मिळाली. तेव्हा तुम्हाला पुढच्या वर्षीच यावं लागलं, तरी हा रस्ता उघडा आहे.

तुम्ही शेवटी लिहिलंय की लेक यायला तयार नाही, मैत्रिणी सोडवत नाहीत. त्यावर माझ्याकडे औषध नाही. फक्त एक करा. शाळेच्या काउन्सेलरला पहिला ईमेल तिलाच लिहू द्या, विषय कोणते मिळतील हे विचारणारा. तुम्ही वाचा, पण दुरुस्त करू नका. उत्तर आलं की मला कळवा, गणित कोणतं देतायत ते बघू.