सुभेदार वडिलांच्या शुश्रूषा केंद्राचा खर्च ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना देईल का?

तुम्ही लिहिलंय: वडील सुभेदार म्हणून निवृत्त, वय ८२, पक्षाघाताने उजवी बाजू गेली आहे, पुण्यातलं केंद्र महिना बत्तीस हजार मागतंय, आणि गावात सगळे म्हणतात, 'फौजी माणूस, ईसीएचएस भरेल की.' नाही भरणार. हा गैरसमज इतक्या घरांत पाहिलाय की थोडं सविस्तरच लिहितो.

१ एप्रिल २००३ ला ईसीएचएस सुरू झाली ती उपचारांसाठी. दाखल होणं, ऑपरेशन, आयसीयू, औषधं, डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी, व्हीलचेअर, हे सगळं त्यात बसतं. कूस बदलणं, अंघोळ घालणं, भरवणं, रात्री उशाशी बसणं आणि केंद्रातली खोली-जेवण बसत नाही. ईसीएचएसने मान्य केलेल्या हॉस्पिटलांच्या यादीत 'नर्सिंग होम' असं वाचून फसू नका, आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल. काही मुलं वडिलांना यादीवरच्या हॉस्पिटलात जमेल तितके दिवस ठेवून बघतात. ऑपरेशनचं पॅकेज प्रकारानुसार ठरावीक दिवसांचं असतं, पुढच्या मुक्कामाला वैद्यकीय कारण लागतं, आणि 'घरी बघायला कुणी नाही' हे वैद्यकीय कारण धरत नाहीत.

तरीही केंद्र निवडताना ईसीएचएसचा विचार आधी करा. रात्री दोनला धाप लागली की केंद्रवाले जवळच्या हॉस्पिटलात नेतात. ते यादीवरचं नसेल तर बिल तुम्ही भरायचं, ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याला, कळवायचं, आणि मग इमर्जन्सी सर्टिफिकेट, डिस्चार्ज समरी, मूळ बिलं लावून परतावा मागायचा. तो ठरलेल्या दरानेच मिळतो, बिलाच्या आकड्याने नाही. म्हणून केंद्राच्या फाइलवर पहिल्याच पानावर यादीवरच्या सर्वांत जवळच्या हॉस्पिटलाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि वडिलांचं कार्ड केंद्रातच राहू द्या. साताऱ्याहून पुण्याला हलवताय तर पॉलिक्लिनिकही बदलून घ्या, नाहीतर दर महिन्याच्या गोळ्यांसाठी कुणाला तरी साताऱ्याला पळावं लागेल.

आता पैशांचं. कायम परिचर भत्ता, ज्याला सगळे सीएए म्हणतात, त्याबद्दल तुम्ही विचारलंय. तो १०० टक्के अपंगत्व पेन्शन असलेल्यांना, मेडिकल बोर्डाने शिफारस केली तरच मिळतो. जुलै २०१७ ला तो दर महिना ६,७५० रुपये ठरला, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की त्यात २५ टक्के वाढ होते. पण अपंगत्व सेवेमुळे आलेलं असावं लागतं. निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी आलेला पक्षाघात त्यात बसत नाही. एजंट 'करून देतो' म्हणत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरही मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी आहे, वृद्धाश्रम म्हणून नाही.

म्हणजे खर्च निघायचा तो पेन्शनमधूनच. मग ती पूर्ण येते का, हे कुणी तपासलंय?

८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. ही वाढ वाढदिवसाच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होते आणि तिच्यावर महागाई सवलत वेगळी. मूळ पेन्शन २८,००० असेल तर ५,६०० रुपये अधिक सवलत. ८२ वर्षांच्या माणसाची ही वाढ सुरू झालेली नसेल तर दोन वर्षांची थकबाकी तुमची वाट बघतेय.

ती अडते जन्मतारखेवर. मी हाताळलेली एका नायब सुभेदारांची फाइल सांगतो, कारण निम्म्या घरांत हेच असतं. लष्करातून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात १ जून. त्या काळी गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या वर्गाला १ जूनच दिलेली. आधारवर १ जानेवारी, कारण आधार काढताना फक्त वर्ष सांगितलं होतं, तेही दोन वर्षं चुकीचं. आणि बँकेकडून माहिती स्पर्शमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत, गेली तेव्हा तिथे तिसरीच तारीख पडली. मुलगा आठ महिने लष्करी नोंद बदलायला धडपडत होता. ती निवृत्तीनंतर बदलत नाही, आणि बदलायची गरजही नव्हती. डिस्चार्ज बुकातली तारीख खरी मानायची आणि बाकी सगळं तिच्याशी जुळवायचं. स्पर्शच्या लॉगिनमधून प्रोफाइल दुरुस्तीची विनंती टाकायची, सोबत पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि डिस्चार्ज बुकाचं जन्मतारखेचं पान स्पष्ट स्कॅन करून जोडायचं. आधारवरची तारीख साधारणपणे एकदाच बदलू देतात, म्हणून कुठला पुरावा चालेल हे आधार केंद्रात विचारूनच फॉर्म भरा.

त्याच फाइलमध्ये दुसरी गाठ निघाली, आईच्या नावाची. डिस्चार्ज बुकात माहेरचं नाव, आधारवर लग्नात बदललेलं नाव. नवरा असेपर्यंत हे कुणाला टोचत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन अडतं आणि ऐंशीची बाई प्रतिज्ञापत्रासाठी तहसीलला खेटे घालते. वडील सही किंवा अंगठा देऊ शकतात तोवरच हे उरका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, दोघांचं आधार, पीपीओ, डिस्चार्ज बुक, आणि अर्ज रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं असेल तर बेळगावला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. तिथून दुरुस्तीची पीपीओ निघते. आईची जन्मतारीखही याच अर्जात घाला, कारण ८० नंतरची वाढ कुटुंब निवृत्तिवेतनावरही मिळते.

आणि केंद्राशी करार करताना हा हिशेब समोर ठेवा. पेन्शन साधारण पगाराच्या निम्मी, तर साधं कुटुंब निवृत्तिवेतन पगाराच्या ३० टक्के. २८,००० चे १६,८०० होतात. आईलाही तिथेच ठेवायचा विचार असेल तर ती एकटी राहिल्यावर फी कशी भरणार, ते आजच ठरवा. अनामत परत कधी आणि किती, हेही लेखी घ्या.

हयातीचा दाखला हे दुसरं खड्ड्याचं ठिकाण. म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून जीवन प्रमाण या सरकारी सेवेचं चेहरा ओळखणारं ॲप वापरा, फोन केंद्रात नेऊन दहा मिनिटांत होतं. नाहीतर पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन करतो. पीपीओ क्रमांक स्पर्शचा टाका, जुना नको, आणि वितरण करणारी संस्था म्हणून बँक न निवडता स्पर्श निवडा. इथे चूक झाली तर दाखला निघतो, पण पोचत नाही, आणि डिसेंबरात पेन्शन बंद. बँकेत सही होत नसेल तर अंगठा चालतो, हाताचा नसेल तर पायाचाही, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण तुमच्या प्रश्नात दिसतंय. 'आम्ही तिघे भाऊ पेन्शन वाटून घेतो आणि केंद्राचा खर्च तिघांत करणार' असं लिहिलंय. का वाटून घेता? ती वडिलांची आहे. बत्तीस हजारांतले बहुतेक त्यांच्याच खात्यातून जाऊ शकतात, आणि तुम्ही तिघे मात्र ओझं उचलल्यासारखं बोलताय. यावरून माझे गावोगाव वाद झालेत. दर वेळी मला सांगतात की लहान्याचं घर चालत नाही, मधल्याच्या मुलीची फी आहे. असेल. ते तुमच्या पगारातून भागवा. पेन्शनचं खातं फक्त आईबरोबर जॉइंट ठेवा, मुलाचं नाव नको, एटीएम कार्ड केंद्राची फी भरणाऱ्याकडे आणि दर महिन्याचं स्टेटमेंट तिघांच्या व्हॉट्सॲपवर. जमीन मुलांच्या नावे करायचीच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट शब्दांत लिहून घ्या. ती मोडली तर ज्येष्ठांच्या सांभाळाच्या २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. त्याच कायद्यात मुलांकडून दर महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. तुमच्या वडिलांना पेन्शन आहे म्हणून ही वेळ येऊ नये, पण ती त्यांच्या हाताला लागत नसेल तर येते.

उरलेलं थोडक्यात. तुम्ही जुन्या कर पद्धतीत असाल आणि वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर अपंगत्व प्रमाणपत्रावर आयकराच्या ८० डीडी कलमाखाली ७५,००० ची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० ची. पेन्शनच नसलेले हवालदार किंवा खालच्या हुद्द्याचे ६५ वरचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांनी केंद्रीय सैनिक मंडळाच्या अनुदानासाठी जिल्हा सैनिक कार्यालयात अर्ज करावा. नोव्हेंबर २०२५ पासून ते ४,००० चं ८,००० महिना झालंय. वर कुटुंब निवृत्तिवेतनाचे जे आकडे दिले ते साध्या प्रकाराचे. युद्धात जखमी झालेले किंवा सेवेच्या कारणाने अपंगत्व आलेले असतील तर दर वेगळे आणि जास्त असू शकतात, तेव्हा वडिलांच्या पीपीओवर अपंगत्वाचा रकाना भरलेला आहे का, ते आजच उघडून बघा. भरलेला असेल तर वर सीएएबद्दल जे नाही म्हटलं, त्यावर तुमच्या बाबतीत पुन्हा विचार करावा लागेल.