लेझरने कापलेलं लाकडी जिगसॉ पझल घ्यायचंय. लिबर्टी कंपनीचं बरं की वेंटवर्थचं? पुठ्ठ्याच्या पझलपेक्षा त्यात वेगळं काय?

डबा उघडल्याबरोबर जळक्या लाकडाचा वास येतो, तिथूनच फरक कळतो. लेझर लाकूड जाळत कापतो, म्हणून तुकड्यांच्या कडा तपकिरी दिसतात. सुरुवातीला बोटांना थोडी काजळीही लागते, पुसून टाकायची.

लिबर्टी अमेरिकेतल्या कोलोरॅडोची. तुकडे सुमारे 6 मिमी जाड प्लायवूडचे, हातात घेतले की वजन जाणवतं आणि टेबलावर ठेवताना टक् आवाज येतो. इंग्लंडच्या वेंटवर्थचे 3 मिमीचे, म्हणजे निम्म्या जाडीचे. दोघांतही पक्षी, माणूस, किटली अशा आकृतींचे तुकडे मधूनच निघतात. खरी मजा त्यांचीच. लिबर्टीत ते जास्त नाजूक वाटतात, म्हणून माझं मत तिकडे. पण खिशाला ती जडच जाते (वर परदेशातून मागवायचा खर्च!).

तुकड्यांच्या आकड्यावर मात्र जाऊ नका, कमी तुकड्यांचंही अवघड जातं. कोपरा कधी दोन तुकड्यांत विभागलेला असतो, तर कधी सरळ कड चित्राच्या मध्येच निघते. ‘आधी चौकट लावू’ हा आपला हुकमी डाव तिथे फसतो. पहिल्यांदा 250 तुकड्यांचंच घ्या, दोन-तीन संध्याकाळी सहज जातील.