म्वालीमू, मवाली आणि मालम

प्रश्न : टांझानियाचे पहिले अध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांच्या नावाआधी 'म्वालीमू' लिहिलेलं दिसतं. हे त्यांचं पहिलं नाव का? आणि आपल्या 'मवाली'शी त्याचं काही नातं आहे का?

नाही आणि नाही. 'म्वालीमू' हे नाव समजणं म्हणजे 'महात्मा' हे गांधींचं पाळण्यातलं नाव समजणं. तरी मराठीत ही चूक होतच राहते. मवाली आला अरबी 'मौला'च्या अनेकवचनातून, मूळ अर्थ पदरी असलेली माणसं. त्याचा धातू वेगळा. म्वालीमूचा धातू 'ऐन-लाम-मीम' या तीन अरबी अक्षरांचा, अर्थ जाणणे. 'मालूम' त्याच घरातलं. पैलवान लाल मातीत घेतो आणि नाटकवाले पडदा उघडण्याआधी करतात ती 'तालीम'ही तिथलीच. तालीम देणारा तो 'मुअल्लिम', म्हणजे मास्तर.

मुअल्लिमचा म्वालीमू कसा झाला? 'ऐन' गळाला, उ आणि अ मिळून 'वा' झाला, जोड-ल सुटा झाला आणि टांझानियाच्या स्वाहिली भाषेला शब्दाच्या शेवटी स्वर लागतो म्हणून 'उ' चिकटला. पण खरी गंमत पुढेच आहे. स्वाहिलीत माणसाच्या नामाला एकवचनी 'म' आणि अनेकवचनी 'वा' लागतो : म्तू म्हणजे माणूस, वातू म्हणजे माणसं. अरबी 'मु' हा आपलाच उपसर्ग समजून स्वाहिलीने तो बेधडक कापला. एक म्वालीमू, अनेक वालीमू! किताबचंही तेच केलं : एक किताबू, अनेक विताबू. परका शब्द पचवावा तर असा.

न्येरेरे खरोखरच मास्तर. ताबोरा आणि नंतर दार एस सलामजवळच्या पुगू इथल्या शाळांत शिकवत होते. १९५४ मध्ये त्यांचा 'टानू' पक्ष उभा राहिला, १९५५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पुढे पंतप्रधान झाले, अध्यक्ष झाले, १९८५ मध्ये अध्यक्षपदावरून उतरले. पदं आली-गेली, म्वालीमू राहिलं. त्याचं भाषांतर 'गुरू' करणाऱ्या अनुवादकांना मात्र हात जोडावेत. गुरू म्हटलं की पादुका आल्या. इथे हातात खडू आहे. 'मास्तर' लिहा, फार तर 'गुरुजी'.

आता माझा लाडका मुद्दा. हाच मुअल्लिम हिंदी महासागरात जहाजाची दिशा सांगणारा होता. कच्छी-गुजराती खलाशांचा 'मालम' तो हाच. १४९८ मध्ये वास्को द गामाला मालिंदीहून (आज केनियात) कालिकतला आणणाऱ्या वाटाड्याला पोर्तुगीज बखरकार 'मालेमो काना' म्हणतात. 'मालेमो' म्हणजे मालम, आणि 'काना' किंवा 'कनका' म्हणजे आपला गणक, हे मला पटतं. तो वाटाड्या म्हणजे थोर अरब दर्यावर्दी इब्न माजिद, असं पुस्तकांतून अजून छापलं जातं. छापणाऱ्यांनी बखर उघडावी, तिथे तो सरळ गुजराती म्हटला आहे.

जहाजावर हुकूम नाखव्याचा, दिशा मालमची. (आपला नाखवा आणि स्वाहिली 'नाहोधा' दोघेही फारसी नाखुदाचे.) ९ डिसेंबर १९६१ ला टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) स्वतंत्र झाला. सहाच आठवड्यांत न्येरेरेंनी पंतप्रधानपद सहकारी रशीदी कावावांकडे दिलं आणि पक्ष बांधायला खेड्यापाड्यांत निघाले. नाखव्याची जागा सोडून मालमच्या जागी! लोक म्वालीमू म्हणत ते मास्तर या अर्थानेच, हे मान्य. पण शब्दाच्या पोटातला दर्या मला तरी ऐकू येतो.

तिथे त्यांना 'बाबा वा ताइफा' असंही म्हणतात, राष्ट्रपिता. 'बाबा'चा अर्थ सांगायला नको. 'ताइफा' म्हणजे राष्ट्र, अरबी अर्थ गट, टोळी. मराठीत त्याचा झाला 'ताफा' : आधी नाचणाऱ्यांचा, आता मंत्र्यांच्या गाड्यांचा. 'उजामा' हे त्यांचं समाजवादी धोरणही आपल्या 'जमात'चं भावंड; 'उ' म्हणजे '-पणा' आणि 'जामा' म्हणजे आप्त, म्हणून 'कुटुंबपणा'. कोशातली भावंडं जुळवून त्याचं 'जमातवाद' करू नका, अर्थ नेमका उलटा होईल.

आणि 'नायरेरे' नव्हे, 'न्येरेरे'. 'न्याय'मधला न्या आठवा आणि जोर मधल्या 'रे'वर द्या.