ताई, सामानाची यादी नंतर, आधी आमच्या ओमाचं ऐका

ताई, तुमचा प्रश्न परवाच वाचला पण दोन ओळीत उत्तर द्यायची इच्छा नव्हती म्हणून आज रविवार गाठून बसलेय. तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना टोरांटोजवळ नोकरी लागलीये, पीआर (म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी) हातात आहे, मुलगी पाच वर्षांची, तुम्ही नाशिकची बँकेतली नोकरी सोडून येणार, सासूबाई मागे एकट्या. आणि विचारलंय की बरोबर काय काय आणू, करमायला किती दिवस लागतील, मुलीचं मराठी टिकेल का, फ्लॅट विकू का, आणि शेवटी पुरणयंत्र आणू का. मी लासलगावची, इथे ओंटारियोत येऊन चौदा वर्षं झाली, लग्न इथल्याच मुलाशी केलं. त्याच्या घरचे मूळचे हॉलंडचे. त्याची आजी, जिला आम्ही सगळे ओमा म्हणायचो (डच लोक आजीला ओमा आणि आजोबांना ओपा म्हणतात), ती 1954 मध्ये इकडे आली. मी तिची नातसून. तुमचे प्रश्न वाचताना मला सारखी तीच आठवत होती, कारण यातला एकही प्रश्न नवा नाहीये, ती पण हेच घेऊन आली होती, फक्त पुरणयंत्राच्या जागी तिचं शिलाई मशीन होतं.

ओमा झेलंडची, म्हणजे हॉलंडच्या नैऋत्येचा बेटांचा भाग, समुद्रसपाटीच्या खाली बराचसा. झिरिकझे नावाचं गाव आहे त्याच्या जवळचं खेडं. ती पंधरा वर्षांची असताना 1944 ला जर्मनांनी त्यांच्या बेटावर मुद्दाम पाणी सोडलं, घर सोडावं लागलं. युद्ध संपलं, परत आले, लग्न झालं, दोन पोरं झाली, आणि 31 जानेवारी आणि 1 फेब्रुवारी 1953 च्या मधल्या रात्री उत्तर समुद्राचं पाणी बंधारे फोडून आत आलं. हॉलंडमध्ये त्यात 1836 माणसं गेली आणि त्यांच्या बेटावर सगळ्यात वाईट अवस्था होती. ही कडेवर तान्हं पोर घेऊन दोन रात्री माळ्यावर बसून होती. शेतात खारं पाणी शिरलेलं, ओपांना दुसऱ्याच्या रानात मजुरी सोडून काही दिसेना, आणि त्या काळात तिथलं सरकारच लोकांना सांगत होतं की बाबांनो देश लहान आहे, माणसं जास्त आहेत, जाता येत असेल तर बाहेर जा, बोटीच्या भाड्याला पण मदत करायचे. ओपांनी ठरवलं कॅनडा. ओमाला विचारलं का? ती म्हणायची, विचारलं ना, तिकीट आल्यावर.

ताई, हे मी मुद्दाम लिहितेय. तुमच्या पूर्ण मेसेजमध्ये "ह्यांनी ठरवलंय" हे तीनदा आलंय.

आता सामान. त्यांना देशाबाहेर पैसा न्यायला बंधनं होती, गिल्डर (त्यांचं तेव्हाचं चलन) नेताच येत नव्हते फारसे, म्हणून सगळे लोक होते नव्हते ते पैसे वस्तूंमध्ये घालायचे आणि एक भलीमोठी लाकडी पेटी बनवून घ्यायचे. तिला किस्ट म्हणतात. आमच्याकडच्या किस्टमध्ये पलंग, सायकली, शिलाई मशीन, लोकरीची पांघरुणं, निळ्या नक्षीच्या बशा, लाकडी बूट, एवढं सगळं आलं आणि ते ज्या शेतावर कामाला गेले तिथल्या खोलीच्या दारातून अर्धं सामान आतच जाईना. मग किस्टच बाहेर उभी करून तिच्यात कोंबड्या पाळल्या. तुम्हाला पैशाची ती अडचण नाहीये, तुम्ही माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत कायदेशीर पाठवू शकता, तेव्हा पैसा वस्तूत घालू नका. पण एक काम करा, जे सामान मागाहून येणार आहे त्याची यादी पहिल्यांदा उतरताना एअरपोर्टवर कस्टम्सला द्यायची असते, तेव्हाच दिली नाही तर पुढे कटकट होते. सोनं आणणार असाल तर प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि सोनाराकडून किमतीचा कागद घ्या. खायच्या वस्तू लपवू नका, जे आहे ते लिहा. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर हॅलिफॅक्सला पिअर 21 म्हणून बंदर होतं (आता तिथं स्थलांतराचं म्युझियम आहे, कधी गेलात तर नक्की बघा), तिथं ओमाच्या पिशवीतले घरचे सॉसेज त्यांनी काढून घेतले, ते ती शेवटपर्यंत सांगायची. शेवटी ती पोरं पूर्ण विसरली, सॉसेज नाही.

बोटीचं नाव होतं ग्रोटे बेअर. म्हणजे मोठं अस्वल, म्हणजे आपले सप्तर्षी. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला खूप गंमत वाटली, म्हणाली म्हणजे सात म्हाताऱ्या ऋषींनी मला उलट्या करवल्या.

हॅलिफॅक्सहून ट्रेन, लाकडी बाकं, आणि मग टोरांटोच्या उत्तरेला ब्रॅडफर्ड गावाजवळ हॉलंड मार्श. हायवे 400 ने जाल तेव्हा दोन्ही बाजूला काळीभोर सपाट जमीन दिसेल तीच. नावावरून वाटतं की डच लोकांवरून पडलं असेल, तसं नाहीये, जुना एक सर्व्हेअर होता सॅम्युएल हॉलंड त्याच्या नावावरून नदी आणि नदीवरून दलदल. (तो पण जन्माने डचच होता, त्यामुळे शेवटी फिरून तेच.) 1925 ते 30 च्या सुमारास ही दलदल कालवे खणून कोरडी केली आणि 1934 पासून डच कुटुंबं तिथं बसायला लागली, कारण पाणी उपसून शेती करणं हे त्यांना येतच होतं. गाजर, सेलरी आणि कांदा. हो, कांदा! मी लासलगावची आहे हे कळल्यावर ओमाने मला पहिला प्रश्न काय विचारला असेल तर तुमच्याकडे कांदा काढल्यावर किती दिवस वाळवतात. माझ्या नवऱ्याला वाटलेलं ती माझ्या धर्माबद्दल विचारेल.

तर करार असा असायचा की एक शेतकरी वर्षभर काम आणि राहायला जागा देणार. जागा म्हणजे त्यांच्या नशिबी धुऊन चुना मारलेलं कोंबड्यांचं खुराडं होतं. अतिशयोक्ती नाही, त्या काळी इथे अनेक डच कुटुंबांची सुरुवात तशीच झाली. एप्रिलमध्ये आले, उन्हाळाभर गुडघ्यावर बसून कांद्याची खुरपणी केली आणि 15 ऑक्टोबर 1954 च्या रात्री हरिकेन हेझल आलं. ओंटारियोत 81 माणसं गेली त्यात. मार्श म्हणजे बशीच, पूर्ण भरली, घरं तरंगत गेली, काढलेला कांदा आणि गाजरं पाण्यात कुजली. पुराला कंटाळून समुद्र ओलांडून आलेली बाई सहा महिन्यात परत पुरात, आयुष्यातला तिसरा पूर! ती म्हणायची त्या रात्री मी रडले नाही, मला हसू आलं, आणि ओपा घाबरले की हिला वेड लागलं.

पण मला जे सांगायचंय ते पुराचं नाहीये. ती गेल्यानंतर झेलंडहून तिच्या भाचीने एक बूट-बॉक्स पाठवला, त्यात ओमाने आईला लिहिलेली सगळी पत्रं, ती पातळ निळी विमानाची पत्रं असतात ना तसली. माझ्या आत्तेसासूबाईंनी, म्हणजे जी पाच वर्षांची असताना बोटीतून आली तिने, आम्हाला वाचून इंग्लिशमध्ये सांगितली. ऑक्टोबर 54 च्या पत्रात काय होतं माहितीये? "यंदा पाऊस बरा झाला." बस. खुराड्याचा उल्लेखच नाही, "लहान पण उबदार घर" असं. तिच्याकडे झेलंडकडची पोवळ्याची माळ होती सोन्याच्या फाशाची, आईनेच दिलेली, ती पहिल्या थंडीत पोरांच्या बुटांसाठी विकली, आणि पुढे सात वर्षं पत्रात लिहितेय की रविवारी चर्चला माळ घालून गेले. आई 1961 ला गेली, तार आली, आणि माळेचं काही सांगायचंच राहिलं. आत्या वाचता वाचता थांबली आणि आम्ही कोणी काही बोललोच नाही.

मी पण हेच करते हो. आईला व्हिडिओ कॉल लावताना कॅमेरा कुठे धरायचा हे मला बरोबर कळतं, बेसमेंटमध्ये राहत होतो तेव्हा खिडकीकडे पाठ करून बसायचे म्हणजे खिडकी किती वर आहे ते दिसू नये. तेव्हा तुमची जी मैत्रीण मिसिसागात आहे आणि फोटो टाकते, जिच्यावरून तुम्ही अंदाज बांधताय, तिला एकदा फोन करा आणि विचारा पहिल्या डिसेंबरमध्ये काय केलंस.

करमायचं म्हणाल तर. डचमध्ये घरच्या आठवणीने जीव तुटण्याला हैमवे असा शब्द आहे. ओमाला अठरा वर्षं होता. कधी गेला तर 1972 ला पहिल्यांदा परत गेली तेव्हा. जिथे लहानपणी बोटीने जायचे तिथे पाच किलोमीटरचा पूल झालेला, बेट बेट राहिलं नव्हतं, आणि दुकानात पोरी हिच्या बोलण्याला हसल्या कारण ही 1954 चं डच बोलत होती. परत येताना टोरांटोला उतरून म्हणाली, चला, घरी आलो. म्हणून माझं मत विचाराल तर पहिली नाशिकची ट्रिप फार लांबवू नका, दीड-दोन वर्षात जाऊन या. डोक्यातलं नाशिक आणि खरं नाशिक यांची गाठ पडलेली बरी असते.

तिला अडकवलं ते थंडीने नाही, शेतावर एकटं राहण्याने. इंग्लिश येत नाही, गाडी येत नाही, पैसे ओपांच्या नावावर. इंग्लिश ती ईटन्स नावाच्या इथल्या मोठ्या दुकानाच्या जाडजूड कॅटलॉगवरून शिकली, चित्र आणि खाली शब्द, त्यामुळे तिला सगळ्यात आधी कॉर्सेट आणि कंदील हे शब्द आले. गाडी शिकली चाळिसाव्या वर्षी, ओपांना न सांगता, चर्चमधल्या एका बाईकडून. आणि टोरांटोच्या डच लोकांनी 1954 मध्ये ड्यूका नावाची पतपेढी काढली होती, तिथे तिने अंडी विकून स्वतःचं खातं उघडलं. मला लग्नात तिने भेट काय दिली माहितीये, ड्रायव्हिंग स्कूलची फी.

तेव्हा ताई, आपला भारतातला लायसन्स इथे थेट बदलून मिळत नाही, जी-वनची (इथल्या लायसन्सची पहिली पायरी) लेखी परीक्षा आणि मग रोड टेस्ट द्यावी लागते, पण आरटीओकडून तुमच्या लायसन्सच्या अनुभवाचं पत्र घेऊन आलात तर मधला बराच काळ वाचतो. ते पत्र दोघांचं घ्या, फक्त मिस्टरांचं नको. बँकेत खातं तुमच्या नावाचं वेगळं उघडा, तुम्हाला बँकेतल्या बाईला मी काय सांगणार. अनुभवाचे दाखले आणि डिग्रीचं मूल्यांकन निघायच्या आधीच करून घ्या, इथून विद्यापीठाच्या मागे लागणं म्हणजे डोकेदुखी. हेल्थ कार्डला (सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड) ओंटारियोत आता पूर्वीसारखं तीन महिने थांबावं लागत नाही. सासूबाईंसाठी सुपर व्हिसा असतो, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, वर्षभराचा मेडिकल इन्शुरन्स मात्र काढावा लागतो आणि वयाप्रमाणे तो महाग पडतो, ते आधीच हिशोबात धरा. फ्लॅट लगेच विकू नका, भाड्याने द्या, दोन वर्षांनी बघा. थंडीचे कपडे तिथून आणूच नका.

मुलीच्या मराठीचं. ओमाला शाळेत बाईंनी सांगितलं की घरी इंग्लिशच बोला नाहीतर पोरं मागे पडतील, तिने ऐकलं. सहा पोरांत डच येतं ते फक्त थोरलीला. माझ्या सासऱ्यांना येतं ते जेवणाचं आणि शिव्यांचं. शेवटची तीन वर्षं ओमा ब्रॅम्प्टनमध्ये डच लोकांच्या वृद्धाश्रमात होती, स्मरणशक्ती गेली आणि तिच्याबरोबर इंग्लिश आधी गेलं. उरली ती झेलंडकडची बोली. सासरे रोज जायचे, हात धरून बसायचे, आई काय बोलतेय कळायचं नाही, मग थोरल्या बहिणीला फोन लावून फोन आईच्या तोंडाशी धरायचे. ते बघून आल्यावर मी पोराशी मराठी सोडून बोलायचं बंद केलं. तो उत्तर इंग्लिशमधून देतो, देऊ दे. टोरांटोत मराठी भाषिक मंडळ आहे, गणपती दिवाळीला जा, तुमच्या मुलीला तिच्या वयाची मराठी पोरं दिसू देत, नुसत्या आईवडिलांची भाषा पोरांना वाटते की घरातला जुना पलंग आहे.

एक राहिलं. डच घरात वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगलेलं असतं, खरंच, म्हणजे रोज नजर पडते. ओमाच्या त्या कॅलेंडरवर माझ्या आईचा 9 जुलै आहे, तिच्या अक्षरात, आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. ते आता आमच्याकडे आहे, त्याच जागी. आई आली होती तेव्हा तिला ते आवडलं नाही, काढ म्हणाली, मी नाही काढलं.

पुरणयंत्र आणा. इथे मिळतं ते महाग असतं आणि जाळ्या बारीक. पातेली आणू नका.