प्रोजेक्टर वर्गात नेण्यापूर्वी

सर, शाळेला प्रोजेक्टर मिळाला म्हणून रोज चित्रफिती दाखवण्याची घाई करू नका. हृदयातील रक्ताभिसरण किंवा चंद्राच्या कला यांसारखा, फळ्यावर नीट न उलगडणारा भागच निवडा आणि चित्रफीत मध्येच थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे मुलांना विचारा, कारण खरे शिकणे त्या थांब्यातच घडते. ‘बालभारती’च्या पुस्तकांतील क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपमधील साहित्य मिळते. ते आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवावे, कारण खेड्यातील शाळेत इंटरनेट ऐन तासाला दगा देते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडले, त्यामुळे मुलांना धडा घरीही पुन्हा पाहता-ऐकता आला, हे मला फार मोलाचे वाटते. माउस मात्र मुलांच्याच हाती द्यावा, आणि तोही आधी मागच्या बाकावरच्या.