फ्लीसचं अंथरूण शू शोषत नसेल तर

दोन गिनीपिगसाठी फ्लीसचं अंथरूण शिवलंत, पण शू वरच थेंबाथेंबाने राहते आणि कंडिशनर घालून धुतलं तरी वास जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. शिवण उसवू नका, कापड बहुतेक चांगलंच आहे.

फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर. ते पाणी पीत नाही. ओल त्यातून खाली उतरते आणि खालचा सुती थर ती धरून ठेवतो. नव्या कापडावर बहुधा पाणी अडवणारा लेप असतो. तो जाईपर्यंत तीन-चार वेळा कोमट पाण्यात, थोड्याशाच पावडरीने धुवा. मग चमचाभर पाणी ओता. थेंब मण्यासारखा गोल बसून राहिला तर पुन्हा धुवा. चटकन आत उतरला आणि हाताच्या पाठीला वरचं कापड जवळजवळ कोरडं लागलं, की अंथरूण तयार.

कंडिशनर मात्र आजच बंद करा. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि ओल पुन्हा वरच अडते. मीही महिनाभर घालत होते. एके दिवशी माझ्या धाकट्या गिनीपिगला उचललं तर मागचे तळवे लालबुंद. सतत ओल्यावर बसल्याने झालंय, असं डॉक्टर म्हणाले. नशिबाने जखम झाली नव्हती. म्हणून हे इतकं कळकळीने सांगतेय.

आतल्या थराला जुने टॉवेल उत्तम, पण कापण्याआधी धुवून घ्या. सुती कापड आटतं आणि मग कडा चुण्या पडून गोळा होतात. टॉवेल चारही बाजूंनी पूर्ण आत बंद हवा, त्याच्या फासांत नखं अडकतात. फ्लीसच्या कडा उसवत नाहीत, दुमडायची गरज नाही. सुटा दोरा दिसला की लगेच कापा, तो त्यांच्या बोटाला गुंडाळला जातो.

लेंड्या रोज झाडा, अंथरूण दोन-तीन दिवसांनी बदला. धुण्याआधी कोरडंच झटका आणि ओल्या रबरी हातमोज्याने एकाच दिशेने पुसा, केसांची अख्खी वळकटी निघते. उरलेल्या केसांसाठी अंथरूण जाळीच्या पिशवीत घालून धुवा. आधी साध्या पाण्यात खळबळून शू काढा, मग कोमट पाण्यात धुवा आणि शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घाला. गिनीपिगच्या लघवीत कॅल्शियम भरपूर असतं, खडूसारखे पांढरे डाग त्याचेच. आम्लाने ते सुटतात. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. शूने भिजलेल्या कापडावरही ब्लीच नको.

खाली प्रतिक्रियांत कुणीतरी सशाबद्दल आणि हॅमस्टरबद्दल विचारलंय. ससा कापड कुरतडत असेल तर फ्लीस काढूनच टाका, गिळलेले तुकडे आतड्यात अडकू शकतात. हॅमस्टरला बिळं खणायला जाड, सुटा थर लागतो, तिथे कापड चालणार नाही.

तुमच्या दोन्ही गिनीपिगचे तळवे आज एकदा उलटून बघा. लाली किंवा खपली दिसली तर अंथरुणाचं नंतर, आधी डॉक्टरांना दाखवा.