दहावीच्या इंग्रजीचं व्याकरण येतं, पण पत्र-निबंधात चुका होतात. सराव कसा करू?

नुसते नियम पाठ करून भागत नाही. 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये 'टू... टू' काढून 'सो... दॅट' बरोबर घालणारी मुलंच पत्रात बिनधास्त 'आय डिडन्ट वेंट' लिहितात, कारण तिथे वाक्य स्वतः जुळवायचं असतं. रोज सात-आठ ओळी लिहा. काल शाळेत काय झालं, एवढा विषयही पुरे. मग फक्त क्रियापदांखाली रेघ मारून काळ तपासा. 'अ, ॲन, द' दुसऱ्या दिवशी. सगळं एकदम तपासायला गेलात तर धड काहीच सापडत नाही. बाईंकडून चुकीवर नुसती खूण करून घ्या, दुरुस्ती तुम्ही करा. गाइडमधली तयार पत्रं पत्ता आणि मायना कसा मांडायचा एवढ्यापुरतीच बघा. मजकूर उचलला की प्रश्नात दिलेले मुद्देच सुटतात.